पॅनलच्या आधी भिंतीची ओल तपासा
भिंतीला पीव्हीसी (म्हणजे प्लास्टिकचं) पॅनल लावलं की ओलीचं टेन्शन गेलं असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पॅनलला काही होत नाही हो, पण मागची भिंत ओलीच राहते आणि बुरशीचा कुबट वास यायचा तो येतोच. आमच्याकडे टीव्हीच्या भिंतीला पॅनल मारायच्या आधी सुताराने फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवलं, दोन दिवसांनी बघितलं तर आतल्या बाजूने बारीक थेंब. थेंब आतून असले तर ओल भिंतीतली, बाहेरून असले तर खोलीतल्या दमट हवेची. मग आधी बाहेरच्या भेगा भरून वॉटरप्रूफिंग आणि पॅनल दिवाळीनंतर. एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं) तर अशा भिंतीला नावच काढू नका, खालच्या कडेने फुगलं की परत बसत नाही.