प्रति: सुरी गंजली म्हणजे स्टील नकली?

सुरीला लोहचुंबक चिकटतं आणि गंजही आला, म्हणजे दुकानदाराने फसवलं, असं वर म्हटलंय. हे पटत नाही. चांगली ताटं-वाट्या १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलच्या स्टीलची असतात. त्यांना चुंबक जेमतेमच चिकटतं, पण त्या स्टीलला पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून) कडक करता येत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. सुरीसाठी कार्बन जास्त असलेलं, चुंबकाला चिकटणारं स्टील लागतं. त्यातला कार्बन काही क्रोमियम स्वतःशी बांधून घेतो, आणि पात्याला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर राखायला ते तेवढं कमी उरतं.

त्यात मीठ लागलं की झालंच. आमच्याकडे लोणच्याच्या दिवसांत खारवलेली कैरी कापून सुरी तशीच मोरीत राहिली, तर सकाळी मुठीपाशी टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके दिसतात. मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं, म्हणून गंज पसरत नाही, बारीक खड्डे पाडत आत शिरतो. लोखंडी तारेची घासणीही टाळा. तिचे कण पात्यावर अडकून गंजतात आणि दोष सुरीला लागतो. कापून झाल्यावर धुऊन लगेच कोरडी पुसा, मुठीच्या सांध्यात विशेषतः.