तृतीयांश रेषा कधी सोडावी?

छायाचित्रात मुख्य विषय चौकटीच्या मध्यभागी ठेवणे ही नवशिक्याची खूण आहे, या मताला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. चौकटीचे आडवे आणि उभे तीन समान भाग करून विषय मध्याऐवजी त्या विभागणाऱ्या रेषांवर ठेवावा, हा तृतीयांशाचा नियम छायाचित्रणाच्याही आधीचा आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी तो १७९७ मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला होता. मात्र बीबी का मकबऱ्यासमोर उभे राहिल्यावर पाण्याचा पाट, दुतर्फा वाटा, मिनार आणि घुमट हे सारे एकाच अक्षाभोवती रचलेले दिसते, आणि तो घुमट डावीकडे सरकवला तर मूळ रचनाकाराने साधलेला तोलच बिघडतो. तेथे मध्यभाग हेच योग्य स्थान होय.

चालत्या विषयापुढे मोकळी जागा सोडावी, हा दुसरा संकेत मला अधिक विचार करायला लावतो. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांची कुटुंबे बाहेर पडतात. संसार लादलेली अशी एक ट्रॉली टिपताना मी तिच्यापुढे जागा ठेवली, तेव्हा ते चित्र साध्या प्रवासाचे वाटले. नंतर ती उजव्या काठाशी आणून मागे ओस पडलेली वस्ती ठेवली, तेव्हा गाव सुटल्याची भावना उमटली. अर्थात, ट्रॉली काठापासून किंचित आत राहिली असती, तर तो निव्वळ हलगर्जीपणा भासला असता (माझ्या पहिल्या दोन प्रयत्नांत तसेच झाले), म्हणून ती चौकटीला जवळजवळ टेकेपर्यंत थांबावे लागले.