उष्णतेच्या समीकरणाचं उत्तर २०० स्टेपनंतर फुटतंय. पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन) कोडमध्ये सोडवायची सुरुवात नेमकी कशी करावी?

नवशिका_गणित
नमस्कार मंडळी. एमएस्सीला पीडीई आहे. चल विलग करून वहीत उत्तर काढता येतं, पण संगणकावर आताच सुरुवात केली आहे. उदाहरण साधं घेतलंय: १ मीटर लांबीची तांब्याची सळई, दोन्ही टोकं ० अंशांवर, सुरुवातीचं तापमान १०० × साइन(पाय × क्ष). अल्फा (उष्णता किती वेगाने पसरते तो आकडा) ०.०००११ चौ. मी. प्रति सेकंद. सळईचे १०० भाग, म्हणजे दोन बिंदूंत १ सें.मी. अंतर, आणि टाइम स्टेप अर्धा सेकंद. आधीच्या क्षणाच्या तापमानावरून पुढच्या क्षणाचं थेट काढतो. दीडशे स्टेपपर्यंत आलेख गुळगुळीत येतो, दोनशेच्या आसपास करवतीसारखे दाते दिसतात आणि मग आकडे कोटींत जातात. सूत्र ताडून पाहिलं, बरोबर वाटतंय. काय बिघडतंय? आणि यापुढे थेट फायनाइट एलिमेंटकडे (आकाराचे छोटे तुकडे पाडून सोडवायच्या पद्धतीकडे) वळावं का?

जाळीदार
सूत्र बरोबरच आहे, टाइम स्टेप मोठी आहे. र = अल्फा × टाइम स्टेप ÷ अंतराचा वर्ग, असं एक गुणोत्तर काढा. तुमच्या आकड्यांनी ०.०००११ × ०.५ ÷ ०.०००१ = ०.५५ येतं. या पद्धतीत र ०.५ च्या वर गेला की उत्तर फुटणारच.

कारण असं. लगतच्या बिंदूंवर आलटूनपालटून अधिक-उणे होणारी जी सगळ्यात बारीक लहर, ती दर स्टेपला जवळपास (१ − ४र) ने गुणली जाते. तुमच्याकडे हे −१.२ आहे. म्हणजे दर वेळी चिन्ह उलटतं आणि आकार २० टक्क्यांनी वाढतो. ही लहर तुमच्या सुरुवातीच्या तापमानात नाही, पण १०० च्या घरातल्या आकड्यांत राउंडिंगमुळे साधारण १० चा उणे १४ वा घात एवढी चूक शिरतेच. १.२ चा १७७ वा घात सुमारे १० चा १४ वा घात होतो. म्हणून दीडशे स्टेपपर्यंत काहीच दिसत नाही आणि मग सगळं एकदम बिघडल्यासारखं वाटतं.

तुमच्या ग्रिडला (बिंदूंच्या जाळीला) टाइम स्टेपची मर्यादा आहे सुमारे ०.४५ सेकंद. ०.४ घ्या, र ०.४४ होईल. १५०० स्टेप चालवा, म्हणजे १० मिनिटं होतील, आणि मधला बिंदू पाहा. वहीतल्या उत्तराने तिथे ५२.१ अंश यायला हवेत.

फोर्ट्रानवाला
ग्रिड निम्मं बारीक केलं तर टाइम स्टेप चौथाई करावी लागते, म्हणजे काम आठपट. म्हणून यानंतर इम्प्लिसिट पद्धत शिका, म्हणजे पुढच्या क्षणाची सगळी तापमानं एकदम सोडवून काढायची. त्यातल्या बॅकवर्ड ऑयलरमध्ये दर स्टेपला समीकरणांचा संच सोडवायचा असतो: मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावर १ + २र, दोन्ही बाजूंना −र, बाकी सगळी शून्यं. यासाठी मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढत बसू नका, थॉमस अल्गोरिदम ९९ अज्ञातांचं काम एका फेरीत पुढे आणि एका फेरीत मागे येऊन उरकतो.

क्रँक-निकल्सन (१९४७) ही दुसरी इम्प्लिसिट पद्धत वेळेच्या बाबतीत जास्त अचूक आहे, पण जपून वापरा. सळई सगळीकडे १०० अंशांवर असेल आणि टोकं एकाएकी ० केली, तर मोठ्या र ला टोकांजवळ हेलकावे येतात आणि लवकर जिरत नाहीत. अशा वेळी पहिल्या दोन-चार स्टेप बॅकवर्ड ऑयलरने काढाव्यात. उत्तर फुटत नाही एवढ्यावरून ते बरोबर आहे असं धरू नका.

फायनाइट एलिमेंटची घाई नको. आकार वेडावाकडा असेल, मध्ये भोकं असतील, तेव्हा त्याची खरी गरज. आधी हेच द्विमितीत करा (दोन्ही दिशांना अंतर सारखं असेल तर र ची मर्यादा ०.२५ होते), मग तरंग समीकरण. तिथे वेग × टाइम स्टेप ÷ अंतर १ च्या आत लागतं. कूरां, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये मांडलेली अट ती हीच.

सीमारेषा
पायथनमध्ये लिहीत असाल तर एक बघा: नवा = जुना असं लिहिल्याने अ‍ॅरेची प्रत होत नाही, एकाच अ‍ॅरेला दोन नावं पडतात. मग लूपमध्ये डावीकडचा बिंदू आधीच बदललेला असतो. उत्तर फुटत नाही, गुपचूप चुकतं. कॉपी करूनच घ्या.

तपासणीसाठी र तोच ठेवून अंतर निम्मं करा. चूक चौथाई झाली पाहिजे. फक्त यासाठी र = १/६ घेऊ नका; त्या एका किमतीला चुकीतली मुख्य पदं एकमेकांना रद्द करतात आणि चूक सोळापट घटते, म्हणजे तपासणीचा अर्थच बदलतो.

नवशिका_गणित
०.४ ने ५२.१ आलं! खूप आभार. आता उजवं टोक इन्सुलेट करायचंय. शेवटच्या बिंदूला शेजारच्याचंच तापमान दिलं तर चालेल?

सीमारेषा
चालेल, पण इन्सुलेशन अर्धा कप्पा आत सरकतं, तुमच्या ग्रिडवर ५ मि.मी. त्यापेक्षा टोकाबाहेर एक काल्पनिक बिंदू धरा आणि त्याला टोकाच्या आतल्या बिंदूचंच तापमान द्या. मग शेवटच्या बिंदूचं सूत्र होतं: नवं = जुनं + २र × (शेजारचं − जुनं). सुरुवातीला १०० × साइन(पाय × क्ष ÷ २) घेतलंत, तर १० मिनिटांनी इन्सुलेट केलेल्या टोकाला ८५.० अंश मिळायला हवेत.