शब्दचर्चा : तारब, मिपाशो, बोंगो

सुरंगी :
लेखासाठी टांझानियातल्या गाण्यांबद्दल वाचताना 'तारब' हा शब्द सारखा भेटतो; तिकडच्या किनाऱ्यावरचा गाण्याचा प्रकार आहे तो. मराठीत काय म्हणावं? 'झांझिबारी गझल' असं एकीने सुचवलं, पण मला पटलं नाही. शिवाय, 'बोंगो फ्लेव्हा' या तिथल्या पॉप गाण्यांच्या नावातला बोंगो म्हणजे आपण वाजवतो तोच ना?

खर्ज :
दुसऱ्याचं आधी. वाद्याचा काही संबंध नाही. स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, 'उबोंगो' म्हणजे मेंदू. दार-ए-सलामसारख्या टांझानियातल्या मोठ्या शहरात टिकायचं तर डोकं चालवावं लागतं, म्हणून शहराचंच टोपणनाव 'बोंगो'. नव्वदच्या दशकात खासगी रेडिओ आले, पोरं स्वाहिलीत रॅप करू लागली, आणि त्या मिसळीला हे नाव चिकटलं.

तारबचं मूळ अरबी 'तरब'. गाणं ऐकून माणूस हलतो ती अवस्था, मग हर्षाने असो की व्याकुळतेने. उर्दू शायरीतला 'मुतरिब' (गवई) त्याच धातूचा. झांझिबारच्या (आता टांझानियात असलेल्या बेटाच्या) सुलतान बरगशने (कारकीर्द १८७०-८८) एका वादकाला शिकायला कैरोला धाडलं, असं तिथे सांगतात. दरबारात गाणं अरबीतच चाले. ते स्वाहिलीत लोकांपर्यंत नेणारी गायिका म्हणजे सिती बिंती साद, फुंबा गावच्या गरीब घरातली. आणि १९२८ मध्ये तिच्या तबकड्या एचएमव्हीने कुठे ध्वनिमुद्रित केल्या? मुंबईत!

वरवंटा :
म्हणजे येणंजाणं दोन्हीकडून. पुढे त्या किनाऱ्यावर हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बसवायची पद्धतच पडली. मोंबासाच्या (म्हणजे केनियाच्या) तारबमध्ये तर तबला-पेटीही ऐकू येते.

सुरंगी :
मग 'मिपाशो' हा तारबचाच प्रकार का?

खर्ज :
हो, आणि खरी गंमत तिथेच आहे. 'कुपाशा' म्हणजे कानावर घालणं; 'मिपाशो' म्हणजे गाण्यातून हाणलेले टोमणे. सवत, शेजारीण, नवऱ्यावर डोळा असलेली कुणी, नाव कुणाचंच घ्यायचं नाही. ऐकणाऱ्या बायका आपल्याला लागू पडणारी ओळ आली की उठतात, डुलत डुलत जाऊन गायिकेच्या हातात नोट ठेवतात आणि जिला टोला बसायचा तिच्याकडे बघून घेतात. दौलतजादा नव्हे हं ही. गाणारणीचं तोंड वापरून केलेलं भांडण आहे. नव्वदच्या दशकात टीओटी (टांझानिया वन थिएटर) आणि मुवुंगानो या संचांची अशी जुंपली होती की कलगी-तुरा आठवावा.

वरवंटा :
कलगी-तुऱ्यात अध्यात्माचे सवाल टाकतात राव, सवतींचे नाही.

खर्ज :
दोन फड समोरासमोर, एवढंच म्हणायचं होतं. 'टोमणेगीत' चालेल मराठीत. 'तारब' मात्र तसाच ठेवा. 'गझल' म्हटलं की लोक रदीफ-काफिया शोधत बसतील.

सुरंगी :
आणि 'मोरोगोरो जॅझ', 'दार-ए-सलाम जॅझ'? ऐकलं तर जॅझ वाटत नाही.

वरवंटा :
नाहीच ते. तिथे 'जॅझ' म्हणजे नाचायला लावणारा बँड; सूर क्यूबाच्या रुंब्याचे आणि काँगोच्या गिटारीचे. प्रकाराचं नाव 'दान्सी', इंग्रजी डान्सवरून. प्रत्येक बँडच्या ढंगाला वेगळं नाव, त्याला 'म्तिंदो' म्हणतात. म्लिमानी पार्क या बँडचा 'सिकिंदे' हा झारामो लोकांच्या नाचावरून आला. लेखात 'जॅझ' ठेवायचा तर फक्त बँडच्या नावात ठेवा, वर्णनात 'दान्सी'च लिहा.