नॅशव्हिलचं सिट-इन: कॉलेजात प्रात्यक्षिक कसं बसवायचं?

गोदाकाठ_९१
नाशिकमध्ये आमच्या एनएसएस गटाला अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या १९६० च्या विद्यार्थी आंदोलनावर ४० मिनिटांचं प्रात्यक्षिक करायचंय. दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसत, ते हे सिट-इन. काउंटरवर बसलेली मुलं आणि त्रास देणारा जमाव, एवढंच सुचलंय. प्रशिक्षणात नेमकं काय करवून घेत? शेवट काळाराम सत्याग्रहाशी जोडला तर चालेल का?

पंचवटीकर
प्रशिक्षणाचे वर्ग अहिंसावादी कार्यकर्ते जेम्स लॉसन घेत. त्याआधी ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, गांधींची पद्धत तिथे जवळून अभ्यासली. काही जण खुर्च्यांवर बसत, बाकीचे गोरा जमाव होऊन शिव्या देत, तोंडावर धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. मग भूमिकांची अदलाबदल. खाली पडल्यावर डोकं कसं झाकायचं आणि मार खाणाऱ्याला आपल्या अंगाने आडोसा कसा द्यायचा, हेही घटवून घेत.
पाच खुर्च्या पुरेत. दर पाच मिनिटांनी अदलाबदल करा, मध्ये बोलायला वेळ ठेवा. फसतं ते जमावाकडून. त्यांना चेव येतो, म्हणून थांबवण्याची खूण एकाच्याच हाती द्या. जातिवाचक शिव्या नकोच. आणि बसलेले हसले की सगळं मुसळ केरात!

सिडको_वाचक
हसू नये, हे त्यांच्या लेखी नियमांतही होतं. उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, वाट अडवू नका, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. एवढं कागदावर छापून प्रत्येकाला द्या.
आधी त्याच दुकानात किरकोळ खरेदी करून मग बसत. पैसे घेता, मग जेवण का नाही, हा मुद्दा त्यातून आपोआप उभा राहतो. हा प्रसंग घ्याच.
२७ फेब्रुवारीला हल्ला झाला आणि अटक हल्लेखोरांऐवजी विद्यार्थ्यांना, ऐंशीच्या आसपास. एक तुकडी नेली की दुसरी त्याच खुर्च्यांवर. तेव्हा राखीव मुलं पडद्यामागे हवीत. पुढे ५० डॉलर दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला.

नाशिकरोड_अभ्यासक
काळाराम जोडा, पण बरोबरीचं चिन्ह काढू नका. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह सुरू केला तो मंदिरप्रवेशासाठी. तो वर्षानुवर्षं चालला तरी दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. नॅशव्हिलच्या दुकानदाराला गल्ल्याची काळजी होती. ईस्टरच्या खरेदीवर कृष्णवर्णीय ग्राहकांनी बहिष्कार टाकला, तेव्हा खरा चिमटा बसला. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा निघाला आणि विद्यार्थी नेत्या डायन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ प्रश्न विचारला. हा भेदभाव चुकीचा, असं त्यांनी मान्य केलं. १० मेला सहा दुकानांचे काउंटर खुले झाले.
म्हणून शेवटची दहा मिनिटं खुर्च्या हटवा आणि रिकामा गल्ला दाखवा.