ग्रँड पॅलेस अर्ध्या तासात?

‘बँकॉकला दोनच दिवस असतील तर ग्रँड पॅलेसला अर्धा तास पुरे, फोटो काढा आणि निघा’ असा सल्ला एकाने दिलाय. ऊन आणि गर्दी बघता कळतं, पण पटत नाही. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवरीत बहुतेक जण सावलीला येतात आणि भिंतीकडे पाठ करून पाणी पितात. त्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय! थायलंडचं ‘रामकियन’, एकूण १७८ चित्रं. उत्तरेच्या दारापासून घड्याळाच्या दिशेने चालत गेलं की गोष्ट लागत जाते. हनुमान पांढराशुभ्र, त्यामुळे वानरांच्या गर्दीतही पटकन सापडतो. आणि इथला मारुती ब्रह्मचारी नाही बरं का. सेतू मोडायला आलेल्या मत्स्यकन्येच्याच, म्हणजे रावणाच्या मुलीच्याच, तो प्रेमात पडतो. सासूबाईंना हे सांगितल्यावर ‘काहीतरीच काय!’ म्हणाल्या, आणि मग तिथून हलेचनात.

तिथून था तियन धक्क्यावर चालत जा आणि होडीने ‘वाट अरुण’ या देवळाला. लांबून कोरीव दगड वाटतो, जवळ गेल्यावर दिसतं की फुलाच्या पाकळ्या म्हणजे चक्क चिनी मातीच्या बशांचे तुकडे आहेत.