वॉक्सहॅचीच्या कोर्टाचा मनोरा नुसता शोभेचा नाही

अमेरिकेत टेक्सासमधल्या वॉक्सहॅची गावी असलेल्या एलिस काउंटी कोर्टाचा (१८९७) मनोरा 'निव्वळ दिखाऊ' आहे, असं कुणी कुणी म्हणतं. तसं नाही. वास्तुविशारद जेम्स रायली गॉर्डनचा नकाशाच त्या मनोऱ्याभोवती बेतलेला आहे. इमारत अधिकच्या चिन्हासारखी, चारही आतल्या कोपऱ्यांत कमानदार पोर्च, मधोमध जिन्याची मोकळी विहीर आणि वर मनोरा. उन्हाळ्यात सावलीतल्या पोर्चमधून हवा आत यावी, तापून विहिरीतून वर चढावी आणि मनोऱ्यातून बाहेर पडावी, अशी ही योजना. अशा इमारतीत एसी आला की पहिला बळी त्या विहिरीचा: मजल्यागणिक स्लॅब टाकून ऑफिसं काढायची, खाली फॉल्स सीलिंग. मग खेळती हवा कुठून राहणार!

दगडाचं दुखणं वेगळंच. गुलाबी ग्रॅनाइटला फारसं काही होत नाही, लाल वालुकाश्म मात्र नाजूक. त्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं की मुरलेलं पाणी सांध्यातून न निघता दगडातूनच निघतं, आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. पोर्चच्या खांबांवरचे कोरीव चेहरे तर आधी झिजणार. त्यामुळे दरजा (दगडांमधले सांधे) हाताने, छिन्नीने उकरून चुन्यानेच भरायच्या. ग्राइंडर चालवला तर दगडाची कड गेलीच म्हणून समजा.

आणि हो, त्या चेहऱ्यांमागची प्रेमभंगाची कथा गाइड रंगवून सांगतात, पण तिला पुरावा नाही.